एडिटर स्वतः लिहावा की प्रोजमिररवर उभारावा?

फोंड्यातल्या एका लहान मराठी मासिकासाठी लेख लिहायची आणि तपासायची सोय करताना मी दोन्ही करून पाहिलं. प्रोजमिरर म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारे एडिटर बांधायची तयार लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच.

स्वतःची लायब्ररी लिहावीशी वाटते, त्याला कारणं आहेत. कन्टेन्टएडिटेबल, म्हणजे पानावरच लिहू देणारी ब्राउझरची सोय, ब्राउझरवर सोडलं की एंटरला कुठे डिव्ह हा एचटीएमएल टॅग मिळतो, कुठे पी. वर्डमधून चिकटवलं की स्टाइल्सचा ढीग सोबत येतो. मला डेटाबेसमध्ये स्वच्छ रचना हवी होती: शीर्षक, परिच्छेद, अभंग. म्हणून कीडाउन (कळ दाबल्याचा ब्राउझरचा इशारा) अडवायचा, आपलं मॉडेल, म्हणजे मजकुराची आपण ठेवलेली रचना, बदलायचं आणि मजकूर पडद्यावर नव्याने रंगवायचा, असा बेत केला. लॅपटॉपवर तो झकास चालला.

मग पेडण्याच्या वार्ताहराने जत्रेची बातमी फोनवर लिहायला घेतली. अँड्रॉइड फोनचा कीबोर्ड बहुतेक वेळा कीडाउनला २२९ एवढाच आकडा देतो. कुठली कळ दाबली ते कळतच नाही. बीफोरइनपुट (मजकूर बदलण्याआधीचा इशारा) ऐकावा, तर जुळणी चालू असलेला, म्हणजे कीबोर्ड अजून पुरा करत असलेला, शब्द त्यात अडवता येत नाही. तेवढ्यात मी मजकूर रंगवला की कीबोर्डच्या हातातला शब्द तुटायचा आणि ‘म्हापसा’चं ‘म्हाम्हापसा’ व्हायचं. शिवाय डोळ्यांना तीन अक्षरं, पण जावास्क्रिप्टच्या हिशेबात काना आणि हलन्त वेगळे धरून सात. कर्सर ‘म्’ आणि ‘हा’च्या मधे जाऊन बसायचा. दोन महिने मी एवढंच दुरुस्त करत होतो.

प्रोजमिरर इथे ब्राउझरशी भांडत नाही. त्याला लिहू देतो, डॉममध्ये, म्हणजे ब्राउझरने धरलेल्या पानाच्या रचनेत, काय बदललं ते म्युटेशन ऑब्झर्व्हर या ब्राउझरच्या सोयीने टिपतो आणि आपल्या स्कीमात (कशात काय चालेल याच्या नियमांत) बसवून घेतो. अभंगात शीर्षक चालणार नाही असं स्कीमात सांगितलं की ते शिरत नाही. कोडमिरर हा कोड लिहायचा एडिटर बनवणाऱ्या मारेन हावरबेकेने २०१५मध्ये लोकवर्गणीतून हे काम उभं केलं, परवाना एमआयटी, म्हणजे कुणालाही मोफत वापरता येणारा. शिकायला मात्र जड आहे. पोझिशन्सचे (मजकुरातल्या जागांचे) आकडे आणि ट्रान्झॅक्शन्स (बदलांच्या नोंदी) अंगवळणी पडायला मला पंधरवडा लागला. घाई असेल तर प्रोजमिररवरच बांधलेली टिपटॅप ही लायब्ररी घ्या.

ओळी कुठे तुटाव्यात, पानं कशी पडावीत हेही तुमच्याच हाती हवं असेल, तर गोष्ट वेगळी. गूगल डॉक्स २०२१पासून कॅनव्हासकडे, म्हणजे मजकूर स्वतःच चित्रासारखा काढायच्या पद्धतीकडे, वळलं ते बहुधा अशाच गरजेतून. पण मग कर्सर, जुळणी, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं साधन) सगळं तुम्हालाच सांभाळावं लागेल. तेवढी माणसं हाताशी असतील तर जरूर लिहा. आम्ही दोघंच होतो. पेडण्याची बातमी आता फोनवरूनच येते आणि म्हापशाला म्हापसाच म्हणते.