अण्णांची बंद फियाट मी भंगाराच्या भावात घालवली

आमच्या अण्णांची १९६६ सालची फियाट अकराशे डिलाइट मी डिसेंबर २०२३ मध्ये ४२ हजारांना विकली. सव्वा महिन्यानं तीच गाडी १ लाख ८५ हजारांना विक्रीला लागलेली पाहिली. टायर तसेच बसलेले, काचेवर आमच्या शेडमधली धूळ तशीच. कुणी तिला फडकंसुद्धा मारलेलं नव्हतं. अशी एखादी गाडी ज्यांच्या वाड्यात किंवा शेतावरच्या शेडमध्ये उभी असेल, त्यांनी हे वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

अण्णा, म्हणजे माझे वडील, डॉक्टर होते. सांगलीच्या आसपासच्या गावांत त्यांच्या व्हिजिटा याच गाडीनं व्हायच्या. ही डिलाइट कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागली आणि पुढे हीच गाडी पद्मिनी नावानं घराघरांत गेली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा. हा दांडा लक्षात ठेवा, पुढे त्याचंच काम आहे. २००९ साली अण्णा गेले, मी आरसी माझ्या नावावर करून घेतली, वर्षभर कशीबशी चालवली आणि मग शेडमध्ये लावली ती लावलीच.

घर पाडून नवीन बांधायचं ठरलं तेव्हा शेड रिकामी करणं भाग होतं. जाहिरात दिली. पहिला फोन आला त्याला मी बोलता बोलता सांगून टाकलं, की महिनाअखेर जागा मोकळी करायचीय. माझ्या हातातला सौदा तिथंच सुटला होता, हे आज कळतं.

दोघं आले. एक चाळिशीचा, स्वच्छ कपड्यांतला, जुन्या गाड्या जमवतो म्हणाला. दुसरा त्याचा मेकॅनिक. आल्या आल्या आईच्या पाया पडले. मेकॅनिक गाडीत बसला, स्टिअरिंग हलवून बघितलं, दांडा खालीवर केला आणि उतरला. मग बोनेट उघडून पुलीच्या नटाला पाना लावला, पान्यावर हातभर लांब पाइप चढवला आणि मला म्हणाला, "साहेब, या, तुम्हीच फिरवून बघा." मी सगळा जोर लावला, इंजिन तसूभर हललं नाही. "जाम. लायनर-पिस्टन एकजीव झालेत. ब्लॉकच बदलायला लागणार." माझ्याच हातानं फिरवून बघितलं होतं, मग अविश्वास कसा दाखवणार?

त्यानंतर त्यानं पुढच्या सीटखालची पायपुसणी उचलली आणि तळपत्र्यात स्क्रू ड्रायव्हर घातला. तो आरपार गेला. तिथं शेडचं पत्र्याचं पाणी वर्षानुवर्षं ठिबकत होतं, तेवढा तळहाताएवढा भाग गंजलेला होता. बाकी कुठं त्यानं स्क्रू ड्रायव्हर लावला नाही. दारांखालच्या पट्ट्या, डिकीचा तळ, पुढची मडगार्डं, काहीच बघितलं नाही. या गाडीला वेगळी चेसिस नसते, बॉडीच सगळा भार घेते, म्हणून खरी तपासणी नेमकी या जागांची करायची असते. चुंबक फिरवला तरी कुठं पत्रा आहे आणि कुठं नुसती लांबी (पुटी) भरलीय, ते पाच मिनिटांत कळतं.

मग त्या गाड्या जमवणाऱ्यानं शब्दांचा मारा सुरू केला. "काका, सांगलीची गाडी म्हटली की गिऱ्हाईक पहिलं विचारतं, २०१९ च्या पुरात होती का?" आमच्याकडे ना २०१९ ला पाणी आलं, ना २०२१ ला. पण तो म्हणाला, "तुम्ही सांगाल हो, कोण मानणार?" पुराचं पाणी गाडीत शिरलं असेल तर दाराच्या आतल्या पुठ्ठ्यावर रेघ राहते, सीटच्या खाचांत बारीक गाळ बसतो. तो पुठ्ठा काढून दाखवला असता तर विषय संपला असता. तेव्हा सुचलं नाही.

ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाल्याची बातमी ताजीच होती. "आता टॅक्स्याच गेल्या, पार्ट कुठनं आणायचे?" असं तो म्हणाला आणि मला ते पटलं. वस्तुस्थिती अशी, की इतकी वर्षं हजारो टॅक्स्या चालल्या म्हणूनच या इंजिनाचे पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि जुन्या बाजारांत अजून मिळतात. मिळत नाहीत ते डिलाइटचे मूळ ग्रिल, बिल्ले, क्रोमच्या पट्ट्या, व्हील कॅप, मीटर. आमच्या गाडीवर हे सगळं जागच्या जागी होतं. त्यानं त्याचा एका शब्दानं उल्लेख केला नाही.

शेवटची भीती सरकारची. "पंधरा वर्षांवरची गाडी आता सरकार भंगारात काढायला लावतंय, आरसी संपलीय, उचलून नेली तर काय मिळणार?" नुसत्या वयावरून पेट्रोल गाडी पंधरा वर्षांनी बंद करण्याचा नियम दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी आला होता, महाराष्ट्रात तो नव्हता. उलट जुलै २०२१ मध्ये केंद्रानं पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राहिलेल्या खासगी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. फी २० हजार, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५ हजार, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढता येते. पण १९६६ ची गाडी त्यात बसते. ज्या वयाची भीती मला घातली, ते वयच तिची किंमत होतं.

मग त्यानं वजन काढलं. नऊशे किलो धरा, किलोला इतके, काच-रबर वजा, वाहतूक वजा. आकडा पंचवीस हजारांच्या आतच राहिला. "तरी तुमच्या वडिलांची आठवण म्हणून ४५ देतो." मी विचार करून सांगतो म्हणालो. जाताना मेकॅनिकनं कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर काढून घेतला. "साफ करून बघतो, यात काही जीव असेल तर तुमचे दोन पैसे वाढतील." मी नाही म्हणालो नाही. बंद गाडीचा एक स्क्रूसुद्धा पैसे हातात पडल्याशिवाय कुणाला काढू देऊ नका, मग तो कितीही गोड बोलो.

चार दिवसांनी बेळगावकडचा म्हणून एक जण आला. बोनेट उघडून म्हणाला, "कार्बोरेटर कुठाय? अर्धवट गाडी आहे होय? तीस देईन." माझा उरलासुरला धीर गेला. मी पहिल्याला स्वतः फोन लावला. तो म्हणाला, कार्बोरेटर फुटलेला निघाला, आता ४२. मी हो म्हणालो.

सौद्याच्या दिवशी त्यानं गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० पुढे केले. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख सगळं कोरं. "तुम्ही फक्त सह्या करा काका, बाकीचं मी बघतो." मी सह्या केल्या. अण्णांची एक वही होती. प्रत्येक दुरुस्ती, ऑइल बदललेलं किलोमीटर, पेट्रोलचा भाव, कुठल्या गावच्या रस्त्यावर स्प्रिंगचा पाटा तुटला तेही, सगळं त्यांच्या अक्षरात. त्यानं ती सहज मागितली आणि मी गाडीबरोबर देऊन टाकली. मूळ बिल, सर्व्हिसच्या नोंदी, जुने फोटो यांनी अशा गाडीची किंमत वाढते, हे त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं.

जानेवारीअखेर पुतण्यानं जाहिरात दाखवली. "सॉलिड बॉडी, इंजिन फ्री, मॅचिंग नंबर, सर्व क्रोम ओरिजिनल." इंजिन फ्री, म्हणजे जाम नसलेलं. फोटो आमच्या शेडमध्येच काढलेले, मागं आईची तुळस दिसतेय. आणि खाली फोन नंबर कुणाचा? त्या बेळगावच्या गिऱ्हाइकाचा. तिघं एकच होते.

अण्णांच्या वेळचे मिस्त्री मिरजेला असतात, आता थकलेत. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "गिअर काढला होता का?" मला कळेना. पुतण्यानं त्या दिवशी आठवण म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, तो त्यांना दाखवला. मेकॅनिक गाडीतून उतरतो तिथं त्यांनी थांबवला. स्टिअरिंगच्या बाजूचा दांडा मधोमध नव्हता, खाली होता. गाडी गिअरमध्ये टाकून तो उतरला होता. तेरा वर्षं उभ्या गाडीचे ब्रेक धरलेले, टायर जमिनीला चिकटलेले. गिअरमध्ये असलेलं इंजिन मग पहिलवानानं फिरवलं तरी फिरत नाही. मिस्त्री म्हणाले, "अहो, आधी न्यूट्रल करायचं, प्लग काढायचे, प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि ऑइल सोडून चार दिवस भिजत ठेवायचं. मग हलक्या हातानं पाना फिरवायचा. तेव्हा कळतं जाम आहे का नाही. मला एक फोन करायचा होतात."

त्या रात्री मी कॅलेंडरच्या मागं हिशेब मांडला. गाडी विकायच्या आधी मांडायला हवा होता तो हा. तशाच चालू डिलाइटला लोक साडेपाच लाख मागत होते. मागितलेला भाव म्हणजे मिळालेला भाव नव्हे, म्हणून दोन ठिकाणी खरोखर सौदा किती झाला ते फोन करून विचारलं आणि साडेचार धरले. त्यातून इंजिन अगदी वाईटातलं वाईट धरून ८० हजार, ब्रेक आणि टायर ४५, वायरिंग १५, टिंकरिंग (पत्र्याचं काम) आणि रंग १ लाख २०, सीट आणि छताचं कापड ३०. एकूण २ लाख ९०. कागदपत्रांचे ३० हजार वेगळे. उरले १ लाख ३०. इंजिन फ्री असेल तर आणखी तीस-पस्तीस हजार वर. बंद गाडीचा भाव असा वरून खाली उतरत काढायचा असतो. त्यानं मला खालून, भंगाराच्या काट्यावरून वर चढवलं आणि मी प्रत्येक पायरीला त्याचे आभार मानत गेलो. आणि इंजिन-चेसिसचे नंबर आरसीशी जुळतात का, हे मी कधी पेन्सिलनं छाप घेऊन बघितलंही नव्हतं. जाहिरातीत त्यांनी तेच ठळक छापलं होतं.

ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, की भाव कमी मिळाला म्हणून फसवणुकीचा गुन्हा उभा राहणं अवघड आहे, सह्या माझ्या, पैसे घेतलेले. पण त्यांना काळजी वेगळीच होती. गाडी अजून माझ्याच नावावर होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय, की नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक धरला जातो, मधे गाडी कितीही हातांतून फिरलेली असो. मी उशिरा का होईना, आरटीओला लेखी कळवून पोच घेतली, आणि त्या माणसालाही रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं. ते "पत्ता सापडत नाही" म्हणून परत आलं.

मे महिन्यात नाशिकहून एका गृहस्थांचा फोन आला. आरसीवरच्या पत्त्यावरून मला शोधलं होतं. त्यांनी १ लाख ७० हजारांना गाडी घेतली होती, आणि कोऱ्या फॉर्मवरची माझी सही आरटीओत जुळली नव्हती. मी नाशिकला गेलो, त्यांचं नाव, पत्ता, तारीख सगळं भरलेल्या फॉर्मवर त्यांच्यासमोर सही केली, त्यांच्या आधार कार्डाची प्रत घेतली. इंजिन कसं निघालं विचारलं. म्हणाले, प्लग काढून तीन दिवस भिजवलं, चौथ्या दिवशी हातानं फिरलं. कार्बोरेटर? तो डिकीत एका पिशवीत होता, नीट, धड.

मी वहीचं विचारलं. त्यांना वही मिळालेलीच नाही. अशी वही होती हेही त्यांना माहीत नव्हतं.