नारायण पेठेतला इंग्लिश स्पीकिंगचा क्लास: कॅन, मे, माइट एकदाचं कळलं

मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे, बाहेरच्या पार्ट्यांना मेल मलाच टाकावे लागतात. मागे एका पार्टीला "माल उद्या पोचेल बहुतेक" एवढंच सांगायचं होतं आणि मी लिहिलं विल रीच टुमारो, झालं, त्यांनी ते पक्कं धरलं, दिवसभर माणूस गोडाऊनला बसवून ठेवला आणि माल गेला तिसऱ्या दिवशी. फार वाईट वाटलं मला, म्हणून हा संध्याकाळचा क्लास लावला.

मॅडम मराठीपासून सुरू करतात हे सगळ्यात आवडलं. 'तो घरी असेल' म्हणताना आपल्याला खात्री नसते ना, मग तिथे विल कशाला, ही मे बी ॲट होम किंवा माइट बी. 'घरीच असणार' म्हटलं की मस्ट बी. आणि 'घरी असणं शक्यच नाही' याला मस्ट नॉट नाही, कान्ट बी! असेल आणि असणार यातला हा फरक आपण रोज बोलतो पण इंग्लिशमध्ये कसा न्यायचा हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत मे आय कम इन घोटून घेतलं तेवढंच. यू मे नॉट एंटर म्हणजे आत यायची परवानगी नाही, पण इट मे नॉट रेन म्हणजे पाऊस कदाचित येणार नाही, शब्द तोच.

परवानगीचं पण छान घेतलं, लक्ष्मी रोडच्या दुकानात गेल्यासारखं करून कॅन आय ट्राय धिस ऑन वगैरे जोडीजोडीने बोलायला लावलं. साहेबांना कुड आय लीव्ह अर्ली विचारायचं, त्यातला कुड भूतकाळाचा नाही, अदबीचा आहे, म्हणून उत्तर येस यू कॅन, यू कुड नाही.

एक तक्रार आहे, 'आला असेल' म्हणजे मे हॅव कम, हे प्रकरण एका तासात उरकलं. आपण दिवसातून दहादा असं बोलतो, त्याला दोन दिवस तरी द्यायला हवे होते. बॅच पण मोठी आहे, मागे बसलं की बोलायचा नंबर लागत नाही.

गेल्या आठवड्यात त्याच पार्टीला लिहिलं, शुड रीच बाय फ्रायडे बट इट माइट टेक वन मोर डे. माल शनिवारी पोचला, एकही फोन आला नाही.

क्लास जरूर लावा, फक्त गाडी आणू नका, पेठेत लावायला जागा मिळत नाही.