कॅन्सर पेशंटची काळजी घेणाऱ्यांसाठीचा सपोर्ट ग्रुप, नक्की जॉईन करा

आईची केमो सुरू झाल्यापासून सगळे तिचीच चौकशी करतात आणि ते बरोबरच आहे, पण तू झोपलीस का, जेवलीस का हे विचारणारी माणसं मला या व्हिडिओ कॉलवरच्या ग्रुपमध्येच भेटली. ग्रुप चालवणाऱ्या काउन्सेलर ताई कोणाला मध्येच तोडत नाहीत, रडू आलं तरी थांबतात. आणि बोलणं कामाचं असतं, म्हणजे बऱ्याच केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात, तेव्हा ताप ३८ डिग्री सेल्सिअसवर गेला की सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला फोन करायचा, तो नंबर फ्रिजवर चिकटवायचा म्हणजे रात्री भावालाही सापडतो. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्यांना सरळ काम द्यायचं, मंगळवारी दुपारी दोन तास तिच्याजवळ बस, हेही इथेच कळलं. त्या वेळात मी नुसती झोपते. आधी गिल्ट यायचं, आता नाही येत.

तक्रार एकच, गर्दी वाढली की नवीन लोक गप्पच बसून राहतात, दोन बॅच करायलाच हव्यात. आणि झोप पूर्ण उडाली असेल, कशातच मन लागत नसेल तर फक्त ग्रुपवर भागवू नका, स्वतःसाठी डॉक्टरकडे जा, ताईपण हेच सांगतात.