टीजीएसएससोबत आठ महिने: दूरच्या रेडिओ दीर्घिकांचा शोध

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने 2010 ते 2012 या काळात 150 मेगाहर्ट्झला केलेले आकाशसर्वेक्षण, म्हणजेच टीजीएसएस, मी गेले आठ महिने घरच्या संगणकावर वापरतो आहे. त्याच्या खुल्या यादीत सुमारे 6.2 लाख स्रोत असून तिने आकाशाचा 90 टक्के भाग व्यापलेला आहे. अतिदूरच्या रेडिओ दीर्घिका, म्हणजे रेडिओ लहरी प्रखरपणे सोडणाऱ्या दीर्घिका, हौशी माणसाला तिच्यातून हुडकता येतात का, एवढेच मला पाहायचे होते.

पद्धत जुनीच आहे. वारंवारता वाढेल तशी ज्यांची तीव्रता झपाट्याने घटते, अशा स्रोतांत दूरच्या दीर्घिकांचे प्रमाण अधिक आढळते. 1999 मध्ये 5.19 ताम्रसृतीची (दुरून येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचे माप; ते जितके मोठे, तितके अंतर जास्त) दीर्घिका याच वाटेने सापडली होती. म्हणून टीजीएसएसमधील स्रोत व्हीएलए दुर्बिणीच्या 1400 मेगाहर्ट्झच्या एनव्हीएसएस यादीशी ताडायचे. नेहमीची रेडिओ दीर्घिका 1400च्या तुलनेत 150 मेगाहर्ट्झला सुमारे पाचपट प्रखर असते. मला हवी असलेली निदान एकोणीसपट, म्हणजे तीव्रता घटण्याचा हा उतार सांगणारा वर्णपट निर्देशांक निदान 1.3.

मात्र एनव्हीएसएसची मर्यादा 2.5 मिलिजान्स्कीच्या (रेडिओ तीव्रतेचे एकक) आसपास असल्याने, टीजीएसएसमध्ये 47 मिलिजान्स्कीहून मंद असलेला असा स्रोत तिथे उमटतच नाही. शिवाय टीजीएसएस 25 विकलांपर्यंतचा (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) तपशील दाखवते, तर एनव्हीएसएस 45 विकलांपर्यंतचाच. शेजारचे दोन स्रोत तिथे एकत्र मोजले गेले की उतार खोटाच सौम्य दिसतो. टीजीएसएसच्या तीव्रतामापनात आकाशाच्या काही भागांत चुका असल्याचे शोधनिबंधांतून दाखवले गेले आहे. 20 टक्क्यांची चूक वर्णपट निर्देशांक सुमारे 0.08 ने हलवते, आणि 1.3 च्या काठावरचे उमेदवार तेवढ्यानेही आत-बाहेर होतात.

खरा वेळ गेला तो चकव्यांत. ज्या उमेदवाराचे मी तीन आठवडे मनात मांडे खात होतो, तो एका जवळच्या दीर्घिकासमूहातील विझत चाललेला जुना ढग निघाला. पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारे मृत ताऱ्यांचे गाभे, हेही असेच फसवतात. तेव्हापासून मी दृश्य प्रकाशातील छायाचित्र आधी उघडतो. रेडिओ स्रोताच्या जागी तिथे काहीच दिसले नाही, तरच पुढे जाण्यात अर्थ असतो. अंतर मात्र मोठ्या दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटावाचून ठरत नाही, आणि तोही दर वेळी निःसंदिग्ध नसतो: याच सर्वेक्षणातून निवडलेल्या एका दीर्घिकेची 2018 मध्ये जाहीर झालेली 5.72 ही ताम्रसृती एकाच उत्सर्जन रेषेवर आधारलेली होती.

उत्तर आकाशात जिथे लोफार या युरोपातील रेडिओ दुर्बिणीचे 6 विकलांचे सर्वेक्षण उपलब्ध आहे, तिथे मी आता तेच आधी पाहतो. दक्षिणेकडे उणे 53 अंशांपर्यंत (आकाशातील अक्षांश) टीजीएसएस अजूनही रोज लागते, जरी उणे 40 अंशांखाली एनव्हीएसएसची साथ सुटते.