मातीचा तीन मजली कंपोस्ट माठ: जळगावच्या उन्हात वापरून बघितला, घ्याच

कंपोस्टसाठी काय घेऊ असं कोणी विचारलं की मी एकच सांगते, प्लास्टिकचा ड्रम नको, मातीचा घ्या. आमचा सेट नर्सरीवाल्या दादांनी इथल्याच कुंभारांकडून बनवून घेतलेला आहे, एकावर एक बसणारे तीन माठ, वरच्या दोघांच्या तळाला जाळी, अंगाला भोकं आणि वर झाकण. दोन हजाराच्या आत पडला.

मातीचाच का, तर कंपोस्टचे जेवढे व्हिडिओ बघाल त्यात सगळा त्रास ओलाव्याचा असतो, वास येतो, पाणी सुटतं वगैरे. आपल्याकडे उलटं आहे हो. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो, गच्चीवरचा प्लास्टिकचा ड्रम हात लावू देत नाही आणि आतला कचरा कुजायच्या ऐवजी वाळून कडक होतो, कारण कुजवणाऱ्या जीवाणूंना पाणी लागतं, ते संपलं की काम बंद. मातीचा माठ पाझरतो, पाणी उडतं आणि आत गार राहतं, आपल्या प्यायच्या पाण्याच्या माठासारखंच. पण पाणी उडतं म्हणजे वरून द्यावंही लागतं हे लक्षात ठेवा. मूठभर काढून दाबायचं, एखाद-दुसरा थेंब आला की बरोबर, भुगा झाला तर शिंपडा. मे महिन्यात आम्ही भोवती ओलं बारदान गुंडाळतो आणि सेट निंबाच्या सावलीलाच ठेवलाय.

टाकायला काय, आपल्या जिल्ह्यात केळीच्या सालांना तोटा नाही, त्यात पोटॅश भरपूर, शिवाय लवकर गळतात. भाज्यांची देठं, चहाचा चोथा, देवाची फुलं. आणि प्रत्येक वेळी ओल्यावर दुप्पट कोरडं, हे चुकवायचं नाही. शास्त्रात कार्बन-नायट्रोजनचं (कोरड्यात कार्बन जास्त, ओल्यात नायट्रोजन) प्रमाण २५-३० ला १ सांगतात, ते घरी कोण मोजणार, दोन ओंजळी कोरड्याला एक ओंजळ ओलं धरलं की जमतं. फाल्गुन-चैत्रात निंबाचा पाला पोत्यानं पडतो तो भरून ठेवा, शेंगांची टरफलंही चालतात, फक्त हातानं चुरून टाका नाहीतर लई दिवस तशीच राहतात. सुरुवातीला थोडं आंबट ताक किंवा गोठ्यातलं शेण घाला, वेगळं कल्चर (कुजवणाऱ्या जीवाणूंचं विरजण) विकत घ्यायची काही गरज नाही.

वरचा माठ भरला की त्याला मधे घ्यायचं आणि मधला रिकामा करून वर, अर्धवट झालेलं खालच्यात जाऊन मुरत राहतं.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते सकाळी झाकण उघडायचं काम. परवा टाकलेली सालं काळी पडून मऊ झालेली, त्यांच्यावर पांढरी बुरशी कापसासारखी पसरलेली, हात वर धरला तर ऊब लागते. शेजारच्या काकू आधी लांबूनच विचारायच्या, "काय गं ताई, वास नाही येत का?" आता त्याच आपला पाला आणून देतात. पावसाळ्यात कधीकधी मोठ्या राखाडी अळ्या दिसतात, त्या काळ्या सैनिक माशीच्या, किळस वाटली तरी मारू नका, त्या कचरा फटाफट खातात आणि झाडाला काही करत नाहीत.

तयार झालेलं खत वाळूच्या चाळणीतून चाळायचं. काळंभोर, भुसभुशीत, हाताला चिकटत नाही. वर उरतात आंब्याच्या कोया आणि अंड्याची टरफलं, ती परत माठात. माठ लहान असल्यामुळे मोठ्या ढिगासारखा ५५-६० डिग्रीला तापत नाही, म्हणून बिया जिवंत राहतात आणि खत घातलेल्या कुंडीत टमाट्याची, पपईची रोपं आपोआप उगवतात. मला तर फार भारी वाटतं हे! यंदा भरताचं वांगं लावलं होतं कुंडीत (जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, माहीत असेलच), त्याला या खताशिवाय काही दिलं नाही, झाड कमरेएवढं झालं आणि घरच्या वांग्याचं भरीत कळण्याच्या भाकरीसोबत खाल्लं, मोठ्या पोरानं दोनदा मागून घेतलं.

कमी काय, तर भरल्यावर जड होतो, खालीवर करायला दोन माणसं लागतात, आणि कडा आपटल्या की टवका उडतो. नवीन असताना बाहेरून पांढरे क्षार फुटतात, ते ओल्या फडक्यानं पुसा, माठ खराब झालेला नसतो. माझ्या सेटचं झाकण जरा सैल आहे, पावसाचं पाणी आत जातं म्हणून वर पत्र्याचा तुकडा ठेवते, तुम्ही घेताना दुकानातच झाकण फिरवून बघून घ्या. चार माणसांच्या घराला हा साइज पुरतो, मोठं कुटुंब असेल तर सरळ दोन सेट सांगा, दादा मग घरपोच देताना भाडं लावत नाहीत.