5×5 की 5/3/1? स्क्वॉट-डेडलिफ्ट अडलेल्यांसाठी

बारबेलला नवीन असाल तर जास्त विचार नकोच, 5×5 धरा, म्हणजे पाच सेट, प्रत्येकात पाच रेप (आवर्तनं). आठवड्यातून तीनदा स्क्वॉट झाला की फॉर्म पक्का होतो आणि दर वेळी अडीच किलो चढवता येतात, अजून काय पाहिजे. माझं म्हणणं त्याच्या पुढच्या लोकांसाठी आहे, ज्यांचं बारवरचं वजन अडलंय आणि नोकरी-घर सांभाळून सात तास झोप मिळाली तरी खूप.

मी बडोद्यात 5×5 आणि 5/3/1 (मुख्य सेटचे रेप पहिल्या आठवड्यात 5, दुसऱ्यात 3, तिसऱ्यात 5-3-1) दोन्ही करून पाहिलंय. 5×5 मध्ये मला खटकलं ते एकच, कंबर. डेडलिफ्टचा (बार जमिनीवरून उचलून उभं राहायचं) तिथे एकच सेट असतो हे खरं, पण तो येतो स्क्वॉटचे 25 रेप झाल्यावर, आणि त्यात आदल्या वेळचे स्क्वॉट आणि बारबेल रो (वाकून बार पोटाकडे ओढायचा) अंगात मुरलेले असतातच. 100 किलोचा स्क्वॉट धरा, एका दिवसाचे 2500 किलो झाले, आठवड्याचे साडेसात हजार. पायांना ते झेपायचं, कंबरेला नाही. सकाळी बेसिनवर वाकून तोंड धुतानाच कळायचं की आज काही खरं नाही, आणि संध्याकाळी बार जमिनीवरून सुटायचा पण गुडघ्यापाशी येऊन पाठ गोल व्हायला लागायची, मग सोडून द्यायचा. नियमाप्रमाणे दहा टक्के वजन उतरवून परत चढलो, परत तिथेच.

5/3/1 मध्ये स्क्वॉटला आपला दिवस, डेडलिफ्टला आपला. हिशोब खऱ्या मॅक्सच्या, म्हणजे एका रेपला जास्तीत जास्त उचलता येतं त्या वजनाच्या, 90 टक्क्यांवर करायचा. तो आकडा 110 आला तर पहिल्या आठवड्यात स्क्वॉटचे मुख्य सेट मिळून साधारण 1240 किलो होतात, शेवटच्या सेटचे जादा रेप वेगळे. बाकी व्हॉल्यूम (एकूण काम) असिस्टन्समधून, म्हणजे जोडीच्या व्यायामांतून, आणि तो आपल्या हातात असतो, झोप नीट झाली तर वाढवा, ऑफिसने पिळून काढलं तर मुख्य सेट मारून घरी या. माझं डेडलिफ्ट ह्यानेच परत हललं, कंबर ताजी असली की बार कसा सरळ वर येतो हे मी जवळजवळ विसरलोच होतो.

आता उणंही सांगतो. फार सावकाश चालतं, बेंच महिन्याला अडीच किलोनेच वाढते. त्यात बऱ्याच जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेट नसतात, मग एकदम पाच किलो चढवावे लागतात आणि ओव्हरहेड प्रेस तिथेच मार खातो (हे 5×5 मध्येही होतं, स्वतःची जोडी बॅगेत ठेवा). स्क्वॉट आठवड्यातून एकदाच, त्यामुळे काहींचा हात बसत नाही.

आपल्या इथे नवरात्रीचंही बघावं लागतं. उशिरापर्यंत गरबा खेळून दुसऱ्या दिवशी 5×5 चा स्क्वॉट म्हणजे पोटऱ्या आणि गुडघे दोन्ही बोलायला लागतात. 5/3/1 मधला चौथा, डीलोडचा आठवडा मी तिथे बसवतो, 40 ते 60 टक्क्यांवर हलकं काम आणि रात्री मनसोक्त गरबा.

प्रत्येकाची रिकव्हरी वेगळी, विशीतल्या पोराला माझं पटणार नाही कदाचित. 5×5 सोडवतच नसेल तर निदान मधल्या दिवसाचा स्क्वॉट 80 टक्क्यांवर आणा आणि डेडलिफ्ट त्याच दिवशी ठेवा, कंबरेला तेवढीच उसंत मिळते.