जुन्या कार्बोरेटरचा फ्लोट: बुचाचा ठेवावा की पितळी घालावा?

फोर्ड मॉडेल टी (१९०८ ते १९२७) किंवा त्या जमान्यातली एखादी गाडी हाती आली असेल, तर कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) उघडल्यावर आत चक्क बूच, म्हणजे कॉर्क, निघू शकतं. हाच फ्लोट: पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी राखणारा तुकडा. किंग्स्टन, होली, शेबलर या तेव्हाच्या नावाजलेल्या कंपन्यांनी बुचाचे फ्लोट वापरले. बूच हलकं, हवं तसं कापता येतं, आणि बारीक भोक पडलं म्हणून बुडत नाही. पेट्रोल मुरू नये यासाठी वरून लाखेचा हात दिलेला असायचा.

घोडं अडतं ते या लाखेपाशी. सुतार पॉलिशसाठी लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवतो; पंपावरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल तेच काम बाउलमध्ये, म्हणजे फ्लोट असतो त्या वाटीत, करतं, आणि आता त्याचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलंय. लाख सुटून चिकट राळ जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल पुढे सोडणाऱ्या बारीक भोकात, बसते. उघडं पडलेलं बूच पेट्रोल पिऊन जड होतं, पेट्रोलची आवक थांबवणारा निडल व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो व्हायला लागतो. मॉडेल टीला पेट्रोलचा पंप नाही, टाकीतून आपसूक उतरतं. पेट्रोलचा कॉक (नळ) उघडा राहिला की गाडी उभी असतानाही गळती चालूच, म्हणजे आगीला आमंत्रण.

पोकळ पितळी फ्लोटला इथेनॉलचं फारसं काही वाटत नाही. त्याची दुखरी जागा म्हणजे सोल्डरचा सांधा. कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर सांधा गेलेला. गरम पाण्यात दाबून धरलात की बुडबुडे कुठून येतात ते नेमकं दिसतं. आतलं पेट्रोल पूर्ण काढल्याशिवाय मात्र सोल्डरिंगला हात लावू नका, आणि सोल्डर कमीत कमी घाला. वजन वाढलं की मूळ हेतूच गेला.

नंतरच्या काळातले नायट्राइल फोमचे (कृत्रिम रबराच्या फोमचे) फ्लोटही मिळतात. पण तेही वर्षानुवर्षांनी पेट्रोल शोषतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही, वजन करूनच कळतं.

गाडी खरोखर रस्त्यावर काढणार असाल तर माझं मत सरळ पितळेला. मूळ रूपच जपायचं असेल, तर बूच खरवडून, पूर्ण वाळवून त्यावर सुपरग्लूचे पातळ थर द्या. बरेच हौशी हेच करतात, पण लाख पुन्हा लावू नका. काहीही निवडलंत तरी फ्लोटची उंची नव्याने लावावी लागेल, कारण बूच आणि पितळ पेट्रोलमध्ये सारखे तरंगत नाहीत.